कुठे निघालात?

माझी सून रुझित्सा घरी आली आणि माझं समुद्रावर जाणं बंद पडलं. यात तिचा दोष नव्हता हे आधीच सांगून ठेवतो, कारण आमच्या बंदरावर लोक अर्धी गोष्ट ऐकतात आणि उरलेली पदरची घालून पुढे पाठवतात.

माझा मुलगा याक्षा समोरच्या किनाऱ्यावर झादर शहराच्या गोदीत वेल्डिंग करायचा. तिथलं काम आटलं, आणि डब्लिनला गेलेला त्याचा मित्र ‘ये, ये’ म्हणून फोन करू लागला. त्याच हिवाळ्यात त्याचं लग्न झालं होतं. रुझित्सा आतल्या सपाट मुलखातली, स्लावोनियाची. तिकडे मका, डुकरं आणि नदीतले मासे. समुद्र त्यांना फक्त सुट्टीत दिसतो. विंकोव्त्सीला तिचं केस कापायचं दुकान होतं. मार्चमध्ये दोघं बॅगा घेऊन आमच्या बेटावर आली आणि याक्षाने सांगितलं की एप्रिलअखेरच्या संत मार्काच्या जत्रेपर्यंत राहतो, मग ठरवतो. रुझित्साला इथे करमलं तर तो माझी होड्या दुरुस्त करायची शेड चालवेल, नाही करमलं तर आयर्लंड.

ती राहावी असं मला फार वाटत होतं. आल्या आल्या तिने अर्ध्या गावाचे केस कापले, माझ्या भुवयासुद्धा सोडल्या नाहीत, आणि ती स्वयंपाकघरात हसायला लागली की शेजारचं गाढव ओरडायचं. इतकी वर्षं मी आणि माझी बायको पेरिना जेवताना फक्त मीठ मागायला तोंड उघडत होतो. पण ‘पोरी, राहा इथे’ असं सुनेला म्हणायचं कसं? आर्जवं करायची मला सवय नाही. मी आर्जवं केली म्हणून पेरिनाने माझ्याशी लग्न केलं असं ती म्हणते, पण तिच्या सांगण्यावर किती विश्वास ठेवायचा ते मला माहीत आहे.

म्हणून मी ठरवलं की जे बोलायचं ते माकुलांनी बोलायचं. वसंतात माकुलं, शाई सोडणारे ते दहा हातांचे मऊ जीव, अंडी घालायला किनाऱ्यालगत उथळ पाण्यात येतात, आणि संत मार्काच्या दिवशी आमच्या धक्क्यावर मोठ्या कढईत त्यांच्या शाईतला काळा भात शिजतो. ज्याची माकुलं जास्त, त्याच्या घरी त्या दिवशी भात वाढायच्या पळीचा मान. माझ्या सुनेच्या हातात ती पळी द्यायची, सगळ्या गावादेखत. एवढं केल्यावर न सांगताही तिला कळलं असतं.

माझी तयारी झाली होती. ती दोघं यायच्या आदल्या दिवशीच मला एक चांगली टपोरी मादी मिळाली होती. वसंतात माकुलाला गळही लागत नाही आणि आमिषही लागत नाही. जिवंत मादी दोरीला बांधायची, होडीमागून हळूहळू ओढायची, नर आपल्या पायांनी येतो. त्या मादीला मी धक्क्याखाली वेताच्या टोपलीत ठेवलं आणि तिचं नाव ठेवलं राणीसाहेब. दर वर्षी ठेवतो. पेरिनाला ते आवडत नाही, कारण एका वर्षी मी तिच्या आईचं नाव ठेवलं होतं.

ती दोघं आली त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे वल्ही खांद्यावर टाकून मी दाराबाहेर पाऊल टाकलं. उंबरठ्यावर रुझित्सा कॉफीचा कप घेऊन उभी होती. गोड हसली आणि म्हणाली, “बाबा, कुठे निघालात?”

मी जागच्या जागी थिजलो.

समुद्रावर निघालेल्या माणसाला कुठे निघालास असं आमच्याकडे कुणी विचारत नाही. विचारलं की त्या दिवशी समुद्र काही देत नाही. चुकून कुणी विचारलंच, तर मुकाट्याने घरात परतायचं, वल्ही कोपऱ्यात ठेवायची आणि कांदे खुरपायला जायचं. आमच्या धक्क्यावरच्या मांजरांनाही हे माहीत असेल. पण स्लावोनियातल्या पोरीला कोण सांगणार? तिच्या माहेरी वडीलधारं माणूस बाहेर पडताना कुठे जाताय असं विचारलं नाही, तर त्या माणसाला घरात मोजतच नाहीत असा अर्थ होतो. तिने मला मान दिला होता आणि त्या मानाने माझा दिवस बुडाला.

“कुठे नाही,” मी म्हणालो. “जुगो सुटणार असं दिसतंय.” जुगो म्हणजे दक्षिणेचा दमट वारा. आभाळ लख्ख होतं. मी आत वळलो.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी तिच्याही आधी उठलो, तर ती माझ्याही आधी उठलेली, कारण सासऱ्यांना कॉफी न पिता जावं लागू नये असं तिला वाटत होतं. मग मी बोलावल्यासारखा खरंच जुगो आला आणि आठवडाभर मुक्काम ठोकून बसला. जुगोत पाणी गढूळ होतं, भिंती घामेजतात, माणसं विनाकारण भांडतात. त्या आठवड्यात मी घरी बसायला मोकळा होतो आणि त्याइतकं वाईट काही नाही. पेरिनाला मी सगळं सांगितलं.

“मग सांग तिला,” पेरिना म्हणाली.

“तू सांग. बाईमाणसाने सांगितलेलं बरं.”

“खूळ तुझ्या डोक्यातलं, आणि सांगायचं मी?”

तरी ती सांगणार होती, पण मीच अडवलं. आता इतके दिवस गेल्यावर सांगितलं तर पोरीला वाटणार, आपण रोज सकाळी म्हाताऱ्याच्या पोटावर पाय देत होतो. लाजेने अर्धी होईल आणि थेट आयर्लंड गाठेल. आणि खरं सांगायचं तर आणखी एक होतं. झादर, विंकोव्त्सी बघितलेल्या पोरीने मला जुनाट खुळा म्हातारा म्हणावं हे मला नको होतं. मी आहेच तसा, पण ते तिला सावकाश कळावं एवढीच माझी इच्छा होती.

इकडे कुझ्माला ऊत आला. कुझ्मा माझ्याच वयाचा, माझ्याच शाळेतला, आणि पळीसाठी माझ्याशी जन्मभर वैर धरलेला. तो टोपल्यांचे सापळे लावतो. आत तमालपत्राच्या फांद्या खोचायच्या, माकुलं अंडी चिकटवायला येऊन अडकतात. दार उघडं टाकून पाहुण्यांची वाट बघत बसायचं, याला तो मासेमारी म्हणतो. पण त्याच्या टोपल्या भरत होत्या आणि माझी होडी दोरीला डुलत होती. राणीसाहेबांना खेकडा भरवायला मी दुपारी धक्क्यावर गेलो की तो हमखास तिथे असायचा.

“गाश्पार, शेवाळ होडीला आलंय की तुला?” तो विचारायचा. मी टोपलीचं झाकण काढून आत खेकडा टाकायचो. राणीसाहेबही आता खेकड्याकडे पूर्वीसारख्या झेप घेत नव्हत्या. रंग फिका पडत चालला होता. ती मेली असती तर जत्रेआधी दुसरी मादी मिळेल याची काही खात्री नव्हती.

मग एका रात्री वारा फिरला. डोंगरावरून बूरा सुटला, थंड, कोरडा, आमच्या सगळ्या किनाऱ्याला धुऊन काढणारा. पहाटे तो पडला. मी खिडकीतून पाहिलं तर खाडीचं पाणी इतकं नितळ झालं होतं की धक्क्याच्या पायथ्याचे दगड मोजता यावेत. अशी सकाळ वसंतात फार वेळा येत नाही. जुगोने आत ढकललेली माकुलं उथळात येणार आणि बूराने पाणी स्वच्छ केलेलं, आणि मी घरात. खाली स्वयंपाकघरात कॉफीचा वास सुटला होता. म्हणजे ती दारात होती.

मी मागच्या खिडकीतून बाहेर पडलो. खिडकी बुटकी आहे आणि खाली अंजिराचं झाड आहे, तरुणपणी मी ते सहज केलं असतं. आता एक पाय आत, एक फांदीवर आणि मधला ऐवज चौकटीत अडकला. कसाबसा सुटलो तो थेट अंगणात, तिथे ठेवलेल्या पाटीत. पाटीत वालाच्या शेंगा होत्या. त्या सोलत रुझित्सा बसली होती. कॉफी पेरिना करत होती. आणि रुझित्साचे डोळे रडून लाल झाले होते.

तिने डोळे पुसले, माझ्या केसातलं अंजिराचं पान काढलं आणि सवयीने विचारलं, “बाबा, खिडकीतून कुठे निघालात?”

मी काही म्हणायच्या आतच तिचा बांध फुटला. “मी दारात असते म्हणून खिडकीतून जाताय ना? मला कळतं सगळं. मी आल्यापासून तुम्ही एकदाही होडी सोडली नाही. मला बघितलं की परत फिरता. कुझ्मा काका धक्क्यावर सांगत होते, सून आली आणि गाश्पारचा समुद्र आटला. मी पांढऱ्या पायाची आहे असं वाटतं ना तुम्हाला? मी काल याक्षाला सांगितलं, तिकिटं काढ म्हणून.”

मला भडभडून आलं. मी वाकडातिकडा बोलणारा माणूस आहे, पण आजवर कुणाला असं रडवलं नव्हतं, निदान मासे विकणाऱ्या बायका सोडून.

“ऊठ,” मी म्हणालो. “चल माझ्याबरोबर.”

“कुठे?”

“हेच,” मी म्हणालो. “अगं हेच विचारायचं नसतं. चल म्हटलं की होडीत बसायचं.”

होडीत मी तिला सगळं सांगितलं. वल्ही मारत असल्यामुळे तिच्याकडे न बघता सांगता आलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि मग इतकी हसली की होडी डुलायला लागली. मग चिडली.

“एवढंच? आणि तुम्ही रोज सकाळी कॉफी पिऊन, मला थँक्यू म्हणून परत जाऊन झोपत होता?”

“झोपत नव्हतो. पडत होतो.”

“एक शब्द बोलायचा होता, बाबा.”

“आज तर तू विचारलंस आणि तरी मी आलोय,” मी म्हणालो. “म्हणजे आज काही मिळणार नाही. तुला फिरवून आणतो इतकंच.” मनात मात्र मी स्वतःला समजावत होतो की विचारणारीच होडीत बसली असेल तर प्रश्न किनाऱ्यावर राहिला. असं पूर्वी कधी घडल्याचं मला माहीत नव्हतं, त्यामुळे ते चालणारच नाही असंही कुणी म्हणू शकत नव्हतं.

राणीसाहेबांना मी दोरीला बांधलं आणि पाण्यात सोडलं. त्यांनी रंग बदलला, थोड्या खुलल्या. पाण्यातलं गवत जिथे संपतं आणि वाळू सुरू होते त्या कडेने आम्ही निघालो, सावकाश, वल्ह्याचा आवाज न करता. झुळकेने पाण्यावर बारीक सुरकुत्या आल्या तेव्हा मी ऑलिव्ह तेलाचे चार थेंब टाकले. तेल पसरलं, पाणी काचेसारखं झालं आणि खालची वाळू दिसू लागली. चांगलं तेल समुद्रात ओततात म्हणून रुझित्सा हळहळली. मग तिने खाली वाकून पाहिलं आणि हळहळायचं विसरली.

गवतातून एक नर निघाला होता. राणीसाहेब दिसताच त्याच्या अंगावर काळे पांढरे पट्टे उमटले, हात पुढे पसरले आणि तो नवरदेवाच्या थाटात मागे मागे येऊ लागला. मग त्याने तिला मिठी मारली. मी दोरी हळूहळू ओढली. तो होडीच्या कडेशी आला तरी सुटेना.

“जाळी त्याच्या मागून घाल,” मी कुजबुजलो. “तो पळतो ते उलटा, पाठीकडे.”

तिने समोरून घातली. नर तिच्या तोंडावर शाई फेकून उलटा निघून गेला. रुझित्सा कपाळापासून हनुवटीपर्यंत काळीठिक्कर झाली. तिने शर्टाने डोळे पुसले आणि म्हणाली, “दुसरा आणा.”

दुसऱ्याच्या वेळी जाळी मागून गेली. तिसऱ्याच्या वेळी तर मला सांगावंही लागलं नाही. माकुलं एकामागून एक येत होती, मी जन्मात अशी सकाळ फार थोड्या वेळा पाहिली आहे, आणि हे मी कुझ्मासमोरही म्हणेन. रुझित्सा मात्र एका नराकडे बघत थांबली होती.

“हा सोडून का जात नाही?” तिने विचारलं. “त्याला होडी दिसतेय, आपण दिसतोय.”

“दिसतं सगळं. सोडवत नाही तिला.”

“आणि तिला काय वाटतं?”

“तिला कोण विचारतंय?”

ती माझ्याकडे वळली. काळ्या तोंडात डोळे तेवढे पांढरे दिसत होते. “तुमच्याकडे विचारायचंच वावडं आहे, बाबा.”

तेव्हाच मी म्हणायला हवं होतं. शब्द जिभेवर होते. राहा, पोरी. पण मी खाकरलो, वल्हं मारलं आणि म्हणालो की ऊन चढतंय, परत फिरू.

त्यानंतर आम्ही रोज जाऊ लागलो. दारात ती ओठ घट्ट मिटून उभी राहायची, कप हातात द्यायची आणि माझ्याआधी होडीत जाऊन बसायची. धक्क्यावर आमचा साठा कुझ्माच्या बरोबरीला आला. जत्रेच्या आदल्या सकाळी तो शेवटच्या टोपल्या उचलायला निघाला होता. त्या आल्या असत्या तर पळी त्याची होती. तो होडीची दोरी सोडत होता तेव्हा रुझित्सा धक्क्याच्या कडेला गेली आणि जगातल्या सगळ्या गोडव्याने म्हणाली, “कुझ्मा काका, कुठे निघालात?”

कुझ्माने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग आभाळाकडे. त्याने दोरी परत बांधली.

“हे हिला तू शिकवलंस,” तो माझ्या जवळून जाताना म्हणाला.

“नाही. समुद्र आटवणारी बाई आहे ती, तूच म्हणाला होतास.”

त्याच संध्याकाळी रुझित्साने हट्ट धरला म्हणून मी राणीसाहेबांची दोरी सोडली. त्या जरा वेळ होडीच्या सावलीत थांबल्या आणि मग गवताकडे गेल्या.

जत्रा छान झाली. पळी मी सगळ्यांदेखत रुझित्साच्या हातात दिली. टाळ्या पडल्या, सगळ्या गावाचे दात काळे झाले, कुझ्माने तीनदा वाढून घेतलं आणि मीठ कमी आहे असं सांगितलं. पण मी याक्षाच्या चेहऱ्याकडे बघत होतो. तिकिटं काढलेली होती. डब्लिनला खोली सांगितलेली होती, शब्द दिलेला होता, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या फेरीबोटीने ती दोघं झादरला आणि तिथून पुढे जाणार होती. त्यावर कुणी बोलत नव्हतं. तो समजत होता की जायचं तिला आहे. ती काय समजत होती ते मला माहीत नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं. रात्री पेरिनाने मला कोपराने ढोसलं आणि म्हणाली, बोल काहीतरी. मी भिंतीकडे तोंड केलं.

सकाळी याक्षाने दोन्ही बॅगा अंगणात आणल्या. बेटाच्या टोकापलीकडे फेरीबोटीचा भोंगा वाजला. पेरिना त्याच्या खिशात अंजिरं कोंबत होती आणि मी दाराचा कडी-कोयंडा तपासत होतो, तो वर्षभर नीट चालत असूनही. याक्षाने बॅगा उचलल्या आणि पायरी उतरायला पाय टाकला.

रुझित्सा उंबरठ्यावर उभी होती. तिने कोट घातला नव्हता. हातात कॉफीचा कप होता.

“याक्षा,” ती म्हणाली, “कुठे निघालास?”

तो तसाच थांबला, एक पाय हवेत. शेवटी माझाच मुलगा तो, याच दारात वाढलेला. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिला. ती हसत नव्हती, पण ओठांचा कोपरा हलत होता. मग त्याने माझ्याकडे वळून विचारलं, “बाबा, फेरीबोटीला पण लागू होतं का हे?”

“बोट समुद्रावरूनच जाते ना?” मी म्हणालो. माझा आवाज फुटला, आणि फुटला तर फुटला.

त्याने बॅगा खाली ठेवल्या. बोट धक्क्याला लागली, उभी राहिली आणि भोंगा देऊन निघून गेली.

“आज नाही जाता येणार, हे कळलं,” याक्षा म्हणाला. “पण उद्याही बोट आहे.”

“उद्याही मी इथेच उभी असणार,” रुझित्सा म्हणाली आणि कप त्याच्या हातात दिला.

पेरिनाने एक बॅग उचलली, मी दुसरी उचलली, आणि आम्ही त्या आत नेऊन ठेवल्या.